वाकडी मान आणि घराण्याचा दाखला

आमच्या मामांनी महूच्या छावणीत चाळीस वर्षं दवाखाना चालवला. माझी मावसबहीण, म्हणजे ताई, मुंबईत जनुकीय समुपदेशन करते. ही दोघं एका खोलीत आली की वादाला निमित्त शोधावं लागत नाही. यंदा ते शेजारच्या घरातून आलं. तिथल्या मुलीचं लग्न जमत आलं होतं. पाहुणे पोहे-जिलबी खाऊन, हसतमुखाने परत गेले होते. दोन दिवसांनी मुलाकडून फोन आला, ‘मुलीच्या आत्यांची मान सारखी उजवीकडे वळते. घराण्यात काही आहे का?’ आत्या सत्तेचाळीस वर्षांच्या, आणि मान गेल्या दोन वर्षांतली. मुलीचे वडील मामांकडे दाखला मागायला आले. मामांनी त्यांना, आत्याच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून संध्याकाळी या, असं सांगितलं. दिवसभर मग या दोघांची जुंपली. चढलेले आवाज वगळून ते बोलणं इथे देतो.

मामा : दाखल्यात काय लिहायचं ते मला ठाऊक आहे. मानेचा डिस्टोनिया, मुलीशी संबंध नाही. सही, शिक्का, विषय संपला.

ताई : कशावरून मामा?

मामा : आत्याला बोलताना बघितलंस ना? दोन बोटं हनुवटीला लावते. बोटं टेकली की मान सरळ, काढली की परत वळली. जोर लावून धरत नाही ती, नुसता स्पर्श पुरतो. ही खूण एकदा दिसली की निदानाला फारसं काही उरत नाही. तुझी वीस-पंचवीस हजारांची जनुकीय तपासणी हे सांगणार आहे का?

ताई : नाही सांगणार. पण याच दोन बोटांनी रुग्णांचा घात केला हेही सांगा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये ब्रिसो नावाच्या मोठ्या डॉक्टरने हीच खूण पाहिली आणि निष्कर्ष काढला की बोटाने सरळ होणारी मान स्नायूंनी नव्हे, मनाने वाकडी केलेली असणार. १९०८ मध्ये बर्लिनला श्वाल्बने एकाच घरातल्या तीन भावंडांचं वर्णन केलं. तिघांनाही तोच पीळ. आणि प्रबंधाच्या शीर्षकात त्याने काय घातलं? उन्मादाची लक्षणं. तीन भावंडं समोर असताना!

मामा : ओपेनहाइमने ते दुरुस्त केलं की.

ताई : १९११ मध्ये केलं. डिस्टोनिया हे नाव त्याचंच, आणि आजार मेंदूचा आहे हेही त्याने ठासून सांगितलं. ऐकलं कुणी? पुढची कित्येक दशकं या लोकांना मनोविकारतज्ज्ञांकडेच धाडत होते. १९७६ मध्ये लंडनच्या डेव्हिड मार्सडेन यांनी मिटत राहणाऱ्या पापण्या, आवळणारा जबडा, वळणारी मान आणि लिहिताना अडकणारा हात ही सगळी एकाच आजाराची रूपं म्हणून एकत्र मांडली, तेव्हा कुठे हवा बदलली. म्हणून मी म्हणते, नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. डोळ्यांना जे दिसलं त्याचा अर्थ लावतानाच सगळे चुकले.

मामा थोडे गप्प झाले. त्यांना उत्तर सुचत नसलं की ते महूची गोष्ट सांगतात.

मामा : मी दवाखाना टाकला तेव्हा गावात सिग्नल्समधली बरीच माणसं होती, मोर्सच्या कीवर आयुष्य काढलेली. त्यातला एक हवालदार माझ्याकडे यायचा. की समोर आली की त्याचा अंगठा आणि तर्जनी आवळून जायची, टिंब द्यायला गेला की रेघ उमटायची. त्याच हाताने तो कांदा चिरायचा, सदऱ्याची बटणं लावायचा, कॅरममध्ये मला हरवायचा. आता सांग, बघणारा काय म्हणेल? कामचुकार. दुसरं काय? मी शोधायला लागलो तेव्हा कळलं की ब्रिटनने १९०८ मध्येच तारबाबूंचा हा आजार कामगार-भरपाईच्या यादीत घातला होता. १९११ मध्ये, तुझ्या ओपेनहाइमच्याच वर्षी, तिथल्या पोस्टखात्याच्या समितीने कारणही दिलं : माणसाची मज्जासंस्था मुळात थोडी हळवी, आणि वर तीच हालचाल करून करून आलेला थकवा. दोन्ही एकत्र आल्याशिवाय हात अडकत नाही.

ताई : आणि आज तरी आपण त्याच्या फार पुढे आहोत का? मुळात कल असतो, तो बराचसा जनुकांचा. त्यावर अतिसराव, इजा, एखादं औषध असं काही पडतं. लिऑन फ्लायशरसारखा पियानोवादक. १९६०च्या दशकात ऐन भरात असताना उजव्या हाताची बोटं आत वळायला लागली. तीसेक वर्षं डाव्या हाताच्या रचना वाजवत काढली त्याने. पुढे बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी हात मोकळा झाला आणि २००४ मध्ये दोन्ही हातांची ध्वनिमुद्रिका आली.

मामा : एमआरआय मात्र स्वच्छ.

ताई : बहुतेक वेळा स्वच्छच. म्हणून घरच्यांना वाटतं काही नाहीच. मेंदूच्या तळाशी जी केंद्रं असतात, बेसल गँग्लिया, ती आणि लहान मेंदू मिळून ठरवतात की कुठला स्नायू ओढायचा आणि त्याच वेळी कुठला सैल सोडायचा. यातलं सोडण्याचं काम बिघडतं. एका जुवाला जुंपलेले दोन बैल उलट दिशांना ओढायला लागले तर जसं होईल तसा सांधा पिळवटतो. मेंदूत तुटलेलं, मेलेलं असं पुष्कळदा काही दिसत नाही.

इथे माझी एक नोंद. डिस्टोनियासारखी दिसणारी, पण मेंदूच्या कार्यातल्या वेगळ्या बिघाडाने येणारी हालचालही असते आणि ती खोटी नसते. फक्त ती ओळखायला तिच्या स्वतःच्या खुणा लागतात. ‘एमआरआय स्वच्छ, म्हणजे मनाचं’ हा शॉर्टकट तिथेही चालत नाही.

मामा : जनुकांपर्यंत उडी मारण्याआधी मला माझे तीन प्रश्न विचारू दे. पहिला, औषधं कुठली चालू आहेत? उलटीचं एखादं इंजेक्शन घेतलेली पोरगी रात्री दवाखान्यात आणतात. डोळे वर फिरलेले, जीभ बाहेर, मान पाठीमागे. सोबत सगळी गल्ली. निम्मे म्हणतात मिरगी, निम्मे म्हणतात बाहेरचं आहे, चौकातल्या बाबांकडे न्या. मेटोक्लोप्रामाइड दिलेलं असतं. फेनरगनचं इंजेक्शन टोचलं की अर्ध्या तासाच्या आत पोरगी पाणी मागते. या दवाखान्यात इतक्या भुतांना मी फेनरगनने पळवलंय की माझी कीर्ती मांत्रिक म्हणून झाली असती!

ताई : ते तात्पुरतं. उशिरा येणारं जास्त वाईट.

मामा : तेच सांगतोय. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. लोक दुकानातून परस्पर आणतात, महिनोन् महिने खातात. औषधाचा गट तोच, मनोविकाराच्या औषधांचा. डोपामिन अडवतं. त्याने हात कापायला लागतात, तोंड हलायला लागतं, मानही वळते, आणि काही वेळा औषध थांबवलं तरी जात नाही. म्हणून पिशवी मागवली. दुसरा प्रश्न, जन्माच्या वेळी काय झालं? कावीळ मेंदूत चढली होती का, बाळ रडायला उशीर लागला का? तिसरा, तांबं.

ताई : विल्सनचा आजार. इथे मी तुम्हाला सोडणार नाही मामा. कारण जनुकाचं काम सगळ्यात स्पष्ट दिसतं ते इथेच. यकृतातून तांबं बाहेर टाकणारं एटीपी-सेव्हन-बी जनुक दोन्ही बाजूंनी बिघडलं की तांबं मेंदूत, यकृतात, बुबुळाच्या कडेला साठतं. मुंबईत नोशिर वाडिया आणि दरब दस्तूर यांनी १९६३ मध्ये चार भारतीय कुटुंबांची नोंद केली. तोवर हा आजार आपल्याकडे जवळजवळ नाहीच अशी समजूत होती. आता एका भावाला झाला तर दुसऱ्या भावंडाला असण्याची शक्यता चारात एक. तो दुसरा अजून खेळतोय, शाळेत जातोय. आजच कळलं तर झिंक किंवा पेनिसिलामिन देऊन तो आयुष्यभर धडधाकट राहू शकतो. त्याला तुम्ही म्हणणार, ‘संबंध नाही, सही, शिक्का’?

मामा : नाही म्हणणार. त्याला मी स्वतः गाडीत घालून इंदूरच्या एम.वाय. रुग्णालयात नेईन.

ताई : आणि आपल्याकडे आतेमामे भावंडांची लग्नं. असे दोन्हीकडून मिळणारे दोष तिथे दबा धरून असतात.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या आजोळी अशी दोन लग्नं आहेत. विषय तिथेच राहिला.

मामा : बरं. पण लहान मुलाच्या बाबतीत जनुकाची वाट बघत बसू नकोस. सकाळी धावत शाळेत गेलेलं पोर संध्याकाळी पाय वळवून लंगडत येतं, झोपून उठलं की परत बरं. पालकांना वाटतं नाटक करतंय. टोकियोच्या सेगावांनी १९७०च्या दशकात हे नेमकं वर्णन केलं. शरीर डोपामिन पुरेसं बनवत नाही, दिवसभरात साठा संपतो. लेव्होडोपाची छोटी मात्रा दिली की पोर चालायला लागतं, आणि वर्षानुवर्षं तीच छोटी मात्रा पुरते. गोळी काही रुपयांची. सेरेब्रल पाल्सी म्हणून खुर्चीत बसवलेली अशी मुलं जगभर सापडली आहेत. म्हणून माझा नियम, कारण नक्की नसलेल्या डिस्टोनियाच्या प्रत्येक मुलाला आधी लेव्होडोपा देऊन बघायचं.

ताई : नियम बरोबर आहे, आम्हीही तेच सांगतो. त्या दोषाचं जनुक १९९४ मध्ये सापडलं, जीसीएच-वन. मुलांपेक्षा मुलींना जास्त त्रास देतं. पण अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या त्या जुळ्या भावंडांचं ऐकलंत? दोन वर्षांची असताना सेरेब्रल पाल्सीचं निदान. आईच्या हाती वर्तमानपत्रातला सेगावांच्या आजारावरचा जुना लेख लागला, लेव्होडोपा सुरू झालं, दोघं चालायला लागली. तुमचा नियम जिंकला. काही वर्षांनी त्यातल्या मुलीचा श्वास कोंडायला लागला. लेव्होडोपा चालू असूनही. ह्यूस्टनला दोघांचा संपूर्ण जीनोम वाचला तेव्हा दोष वेगळ्याच जनुकात निघाला, एसपीआर. त्यात डोपामिनबरोबर सेरोटोनिनही कमी पडतं. सेरोटोनिन बनवायला लागणारं औषध जोडलं आणि ती परत खेळात उतरली. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. गोळीने अर्धं काम केलं, उरलेल्यासाठी जनुकाचं नाव लागलं.

मामा : गोळी काही आकाशातून पडलेली नाही. खाजकुइलीच्या बियांत तेच द्रव्य आहे हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामींनी १९३७ मध्येच दाखवलं. आमचे वैद्य कपिकच्छू म्हणतात.

ताई : आणि पुडीत किती आहे ते वैद्यालाही ठाऊक नसतं. मुलाला मोजून गोळी द्या.

मामा : मोजूनच देतो. आता मूळ मुद्द्यावर ये. मुलाकडच्यांना तू काय सांगणार?

ताई : पहिलं, आत्याची जनुकीय तपासणी मी करायलाच सांगणार नाही.

मामा : आँ?

ताई : सव्विसाव्या वर्षाच्या आत सुरू झालेला डिस्टोनिया असता, पायापासून सुरू होऊन वर चढलेला, तर टॉर-वन-ए नक्की तपासलं असतं. नवव्या गुणसूत्रावरचं हे जनुक १९९७ मध्ये सापडलं. त्यातली फक्त तीन अक्षरं गळालेली असतात. पण आत्याचं वय, जागा, वेग बघता तपासणीत काही हाती लागण्याची शक्यता फार कमी. मोठेपणी नुसती मान वळणाऱ्यांत एखादं जीएनएएल सापडतं, बाकी बहुतेकांत काहीच नाही. पंचवीस हजार घालवून ‘अर्थ अनिश्चित’ असा कागद आणायचा आणि तो नातेवाईकांच्या हाती द्यायचा, यासारखं वाईट काही नाही.

मामा : मग आपण एकाच बाजूला आहोत की!

ताई : नाही आहोत. तुम्ही म्हणता संबंध नाही. मी म्हणते थोडा आहे. अशा रुग्णांपैकी दहातल्या एक-दोघांच्या नात्यात आणखी कुणालातरी हा त्रास असतो. भाचीसाठी धोका अगदी थोडा, पण शून्य नव्हे. आणि जनुक असलं तरी आजार येतोच असं नाही, हे कुणी सांगायचं? टॉर-वन-एचंच घ्या. दोष बाळगणाऱ्या शंभरांतल्या तीसेक जणांनाच आजार होतो, सत्तर जण म्हातारे होऊन दुसऱ्याच कशाने जातात. मुलात दोष येण्याची शक्यता निम्मी, म्हणजे आजाराची साधारण पंधरा टक्के. एसजीसीई नावाचं दुसरं जनुक तर आईकडून आलं की सहसा गप्प बसतं, वडिलांकडून आलं की त्रास देतं. आणि दोष जातीवर, घराण्यावर शिक्का मारावा असा नसतो. फिलिपाइन्सच्या पनाय बेटावर पुरुषांना होणारा एक डिस्टोनिया आहे, तो एका पूर्वजाच्या दोषातून पसरला. त्याचा त्या बेटावरच्या लोकांच्या चारित्र्याशी काय संबंध?

मामा : हे सगळं मला पटलं. पण फोनवर बसलेल्या माणसाला तू ‘पंधरा टक्के’ म्हणालीस की त्याला पंधरा ऐकू येत नाहीत, फक्त ‘आहे’ ऐकू येतं. पोरीचं लग्न मोडतं. तुमचं समुपदेशन आकड्यांत चालतं, माझं गावात.

मला विचाराल तर इथे मामांचं दुखणं खरं आहे. पण त्यावर त्यांनी काढलेला उपाय मला पटत नाही. गाव आकडा समजून घेत नाही म्हणून डॉक्टरने शून्य लिहून द्यावं, हे एकदा चालू झालं की विल्सनच्या भावंडालाही तोच दाखला मिळायला वेळ लागत नाही. शिवाय या सगळ्यात कुणी आत्याचा विचार केलेला नव्हता. तिची मान दुखते, तिला गाडी चालवता येत नाही, देवळात लोक टक लावून बघतात म्हणून ती जात नाही. हे ताईच्या लक्षात आलं, उशिरा का होईना.

ताई : आत्याला उपचार काय सुरू आहे?

मामा : पॅसिटेन देऊन बघितली, तोंड कोरडं पडलं, विसरायला व्हायला लागलं, बंद केली. आता बोटॉक्स.

ताई : मग दिलंत का?

मामा : घाबरलेत ते. विष म्हणतात.

ताई : विषच आहे, जिवाणूचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट यांनी ते तिरळ्या डोळ्यांसाठी मोजक्या मात्रेत वापरायला सुरुवात केली, १९८९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. नसेने स्नायूला दिलेला निरोप तेवढा अडतो. काही दिवसांत मान सैल पडते, तीनेक महिने टिकते, मग परत. नेमक्या स्नायूत पडायला हवं, नाहीतर गिळायला त्रास होतो. मानेच्या डिस्टोनियाला पहिला उपचार आज हाच. इंदूरला करणारे आहेत. तेवीस किलोमीटर तर आहे.

मामा : आणि दर तीन महिन्यांनी हजारो रुपये. लग्नाच्या घरात आत्याच्या मानेवर कोण खर्च करणार?

ताई : लग्नाच्या घरातच करतील, मामा. मुलाकडचे येणार असतील तर नक्की.

मामा हसले, पण तिरकसपणा त्यांना बोचला असावा.

मामा : आणि इंजेक्शनने नाही भागलं तर मेंदूत तारा?

ताई : आत्याला बहुधा लागणार नाहीत. पण ज्या मुलाचं सगळं अंग पिळलंय त्याला लागतात. आपल्याकडे मद्रासला रामामूर्ती, बालसुब्रमण्यम आणि कनका ही मंडळी १९६०च्या दशकापासून मेंदूतली केंद्रं नेमकी गाठून जाळत होती. आता जाळत नाहीत, तारेतून सौम्य वीज देतात, हवी तेव्हा कमीजास्त करता येते. फ्रान्सच्या माँपेलिएला फिलिप कूब यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस डिस्टोनियाच्या मुलांवर हे करून दाखवलं. मुंबईत जसलोकला परेश दोशी यांनी ही शस्त्रक्रिया रुजवली त्यालाही पंचवीस वर्षं होऊन गेली. फरक लगेच नाही पडत, आठवडे, कधी महिने लागतात. आणि आता ऐका, टॉर-वन-ए किंवा केएमटी-टू-बी असलेल्यांना या तारांचा चांगला उपयोग होतो. टीएचएपी-वनवाल्यांचा तेवढा भरवसा नाही. खर्च दहा लाखांच्या पुढे. एवढा खर्च करण्याआधी पंचवीस हजारांची तपासणी महाग आहे का?

मामा : त्या मुलासाठी नाही. कबूल.

संध्याकाळी मुलीचे वडील पिशवी घेऊन आले. मामांनी एकेक पट्टी चष्म्याजवळ नेऊन पाहिली. थायरॉइडची गोळी, कॅल्शियम, गुडघ्याचं मलम. लेव्होसल्पिराइड नाही, उलटीचं काही नाही. मामांची थोडी निराशाच झाली. मग त्यांनी लेटरपॅड पुढे ओढलं.

मामा : ‘सदर आजार आनुवंशिक नाही.’

ताई : असं लिहू नका. ‘आत्याच्या आजारामुळे मुलीला तो होण्याची शक्यता फारच कमी आहे’ असं लिहा.

मामा : ‘फारच कमी’ वाचून ते विचारतील, म्हणजे किती?

ताई : विचारू देत. मी सांगेन फोनवर. नंबर खाली लिहा माझा.

मामा : आणि तरीही नको म्हणाले तर?

ताई : तर तुमच्या खोट्या कागदावर जमलेलं लग्न उद्या मुलीची मान जरा अवघडली तरी मोडायला निघेल. त्यापेक्षा आज मोडलेलं बरं.

मुलीचे वडील दोघांकडे आळीपाळीने बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, ‘डॉक्टरसाहेब, ते इंजेक्शन माझ्या बहिणीला कधी द्यायचं?’ मामांनी ताईचं वाक्य लिहिलं, ‘फारच’ खाली रेघ मारली, तिचा नंबर लिहिला, आणि दुसऱ्या कागदावर इंदूरच्या न्यूरॉलॉजिस्टच्या नावाने चिठ्ठी लिहायला घेतली.